नागपूरच्या गच्चीवरून महासागराकडे : हवामान पाहून शिडाच्या बोटीचा मार्ग कसा बदलायचा

नागपूरहून कोणताही समुद्र गाठायचा तर पाचशे किलोमीटरच्या पुढेच जावं लागतं. तरी माझ्या ओळखीतली काही मुलंमुली मुंबईला, गोव्याला जाऊन शिडाची बोट शिकून आली आहेत. लांबच्या सफरीत खलाशी म्हणून जागा मिळाली की ती घरी येतात आणि बहुतेक सगळी एकच प्रश्न विचारतात, "काका, वादळ समोर आलं तर काय करायचं?" माझं म्हणणं असतं की ते समोर येईपर्यंत वाट बघायचीच नाही. मार्ग बदलायचा तो दोन-तीन दिवस आधी, थोडासाच, आणि किनाऱ्यावर शांत डोक्याने लिहून ठेवलेल्या आकड्यांवरून. खाली लिहिलंय ते त्या मुलांसाठी. यातला निम्मा अभ्यास नागपुरात राहूनच होतो, तोही मी सांगणार आहे.

आधी वेगाचा अंदाज डोक्यात बसवा

दहा-बारा मीटर लांबीची शिडाची बोट सरासरी पाच ते सहा नॉट वेगाने जाते. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. सहा नॉट धरले तर दिवसाला १४४ सागरी मैल, साधारण २६७ किलोमीटर होतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. गाडीने तो एका दिवसात उरकतो; आपल्या बोटीला तेवढ्याच अंतराला अडीच दिवसांहून जास्त लागतील. अरबी समुद्रातलं चक्रीवादळ बहुतेक वेळा ताशी बारा-पंधरा किलोमीटरने सरकतं, कधी त्याहून बरंच जलद. आपण ताशी अकरा. शर्यत लावून त्याच्यापुढे निघून जाणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात असते ती फक्त आधी मिळालेली वेळ.

त्या वेळेची किंमत कागदावर काढून बघा. समजा, वाईट हवामानापासून शंभर मैल बाजूला सरकायचं आहे. तीन दिवस हातात असतील तर बोट ४३२ मैल चालणार आहे, म्हणून रोख फक्त तेरा-साडेतेरा अंशांनी बदलला तरी भागतं. दोन दिवस असतील तर वीस अंश लागतात. एकच दिवस उरला असेल तर चव्वेचाळीस. तेरा अंशांत शिडं थोडी सैल-घट्ट केली की काम होतं, जेवण करणाऱ्याला कळतही नाही. चव्वेचाळीस अंश वळायचं म्हटलं तर कदाचित वाराच वळू देणार नाही.

हा हिशेब मी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला लावतो. लवकर वळण्याने अंतर फार वाढतं ही भीती त्यातूनच जाते. सहाशे मैलांच्या टप्प्यात पहिला अर्धा भाग वीस अंश बाहेर आणि दुसरा वीस अंश आत असं गेलात, तर मध्यावर तुम्ही सरळ रेषेपासून सुमारे १०९ मैल दूर असता आणि एकूण अंतर वाढतं फक्त ३८ मैलांनी. सहा नॉटने ते सहा-साडेसहा तास झाले.

वारा कुठून घ्यायचा

शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. साधारण पंचेचाळीस अंशांच्या आत गेलं की शिडं फडफडतात आणि बोट थांबते. वारा बाजूने किंवा थोडा मागच्या बाजूने घेतला की बहुतेक बोटी सर्वांत जलद पळतात. प्रत्येक बोटीची वाऱ्याचा जोर आणि कोन यांनुसार वेगाची एक आकृती असते, तिला पोलर म्हणतात. बांधणाऱ्याने दिलेली आकृती नव्या शिडांची आणि रिकाम्या बोटीची असते. पाणी, डिझेल, धान्य भरलेली बोट तेवढी पळत नाही. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत प्रत्यक्ष वेग वहीत उतरवा आणि पुढचा हिशेब त्यावरच करा.

आता नवख्यांना हमखास फसवणारी गोष्ट. वारा मागून असेल तेव्हा तो आहे त्यापेक्षा कमी वाटतो. खरा वारा वीस नॉट आणि बोट सहा नॉटने त्याच दिशेने पळतेय, तर अंगावर चौदाच लागतात. तीच बोट वाऱ्याकडे वळवली की चोवीसच्या आसपास लागतात. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वीसचे अठ्ठावीस झाले की शिडावरचा भार जवळजवळ दुप्पट होतो. एका नोव्हेंबरात मुंबईहून कोचीला जाताना आम्ही हीच चूक केली. उत्तरेचा वारा पाठीशी होता, बोट सात नॉट पळत होती आणि सगळे खुशीत होते. शीड लहान करायची सूचना माझ्या तोंडावर आली होती, पण मी ती गिळली. मग समोर मासेमारीची जाळी दिसली म्हणून बोट वाऱ्याकडे वळवावी लागली. एकोणीस वाटणारा वारा तीस झाला आणि पुढचं शीड वरपासून खालपर्यंत फाटलं. तेव्हापासून मी मार्ग बदलायच्या आधी खरा वारा मोजतो आणि शीड लहान करतो, मगच वळतो. क्रम हाच.

निघण्यापूर्वी : ऋतूचं पान

पहिला मार्गबदल घरीच होतो, महिना निवडताना. गोवा ते मॉरिशसचं पोर्ट लुई हे उदाहरण घेऊ. सरळ रेषेत तेवीसशेहून थोडे जास्त सागरी मैल, म्हणजे पाच नॉटने वीस दिवस. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात नैऋत्य मोसमी वारा, त्यामुळे छोट्या बोटीने गोव्यातून बाहेर पडायचा विचारही नको. अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात. विषुववृत्त ओलांडलं की गणित उलटं. मॉरिशसच्या भागात चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे इकडचा निवांत जानेवारी तिकडचा धोक्याचा असतो. एप्रिल हा तडजोडीचा महिना. दक्षिणेचा मोसम ओसरत असतो आणि उत्तरेचा अजून भरात आलेला नसतो.

याच प्रवासात सरळ रेषा का सोडायची तेही बघा. साधारण दहा अंश दक्षिणेच्या पुढे आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे लागतात. सरळ रेषेने आलात तर पोर्ट लुई नैऋत्येला आणि वारा डाव्या बाजूने पुढून, बोट सतत ओली. तेच मालदीवच्या पश्चिमेने दक्षिणेला उतरत सत्तर-एकाहत्तर रेखांशाच्या आसपास राहिलात आणि मग वळलात, तर वारा बरोबर बाजूने येतो. थोडं लांबून, पण जलद आणि कोरडं. मधल्या विषुववृत्ताच्या पट्ट्यात वारा पडतो. तिथे इंजिनासाठी डिझेल राखून ठेवावं लागतं.

मर्यादांचा कागद

किनाऱ्यावर असतानाच एका कागदावर आकडे लिहा आणि नकाशाच्या टेबलावर चिकटवा. माझ्या कागदावर नव्या चमूसाठी असं असतं : वाऱ्याकडे जाताना पूर्वानुमानात बावीस नॉटच्या वर काही दिसलं तर दुसरा मार्ग शोधायचा, मागून वारा असेल तर अठ्ठावीसपर्यंत चालेल, चौतीस नॉटचं क्षेत्र कुठल्याही बाजूने नको. चौतीस हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या हवामान खात्याच्या वर्गवारीत १७ ते २७ नॉट म्हणजे न्यूनदाबाचा पट्टा तीव्र होऊन झालेलं डिप्रेशन, २८ ते ३३ डीप डिप्रेशन आणि ३४ पासून चक्रीवादळ.

लाटांचा आकडा एकटा लिहू नका, त्यासोबत सेकंद लिहा. दोन लाटांमधला काळ बारा सेकंद असेल तर खोल समुद्रात त्यांच्यातलं अंतर सव्वादोनशे मीटरच्या आसपास असतं, आणि तीन मीटरच्या लाटेवर बोट सावकाश चढते-उतरते. काळ सहा सेकंद असेल तर अंतर छप्पन मीटर, आणि तीच तीन मीटरची लाट बोटीला हाणते. शिवाय पूर्वानुमानातली लाटेची उंची म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. त्यातली एखादी जवळपास दुप्पट उंच येणारच, हे धरून चाला.

आणि त्या कागदावर माणसांबद्दलही लिहा. सहांपैकी दोघे उलट्यांनी आडवे असतील तर वरचे सगळे आकडे पाच नॉटने खाली आणा.

रोजचं वाचन

हवामानाची मॉडेलं संगणकावर दिवसातून ठरावीक वेळी चालतात. अमेरिकेचं जीएफएस चार वेळा चालतं. जागतिक वेळेनुसार शून्य वाजताचं म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचचं चक्र, त्याचे आकडे चार-पाच तासांनी हाती येतात. युरोपीय केंद्राचं मॉडेल थोडं उशिरा. हे आकडे ग्रिब नावाच्या छोट्या फाइलमध्ये मिळतात. उपग्रह फोनवरूनही त्या उतरतात आणि ओपनसीपीएनसारख्या फुकट नकाशा-प्रणालीत उघडतात. किनाऱ्यावर विंडी या संकेतस्थळावर तेच चित्र रंगीत दिसतं. समुद्राच्या लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचं पूर्वानुमान बघा. चक्रीवादळाच्या सूचनांसाठी मात्र मॉडेलवर विसंबू नका. उत्तर हिंदी महासागरासाठी दिल्लीचं भारतीय हवामान खातं आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मॉरिशसच्या भागासाठी, रियुनियन बेटावरचं फ्रेंच केंद्र यांच्या बुलेटिनांचा शब्द शेवटचा.

रोज एकाच वेळी वाचा. दोन मॉडेलं शेजारी ठेवा. दोन्ही सारखं बोलत असतील तर विश्वास वाढतो. दोघांत फरक असेल तर दोघांपैकी वाईट चित्र खरं मानून आखणी करा. आजचं चित्र कालच्या चित्राशीही ताडून बघा. कालच्या फाइलमध्ये परवाचा वारा अठरा होता, आज तोच तेवीस दिसतोय, तर उद्या सव्वीस दिसायची शक्यता गृहीत धरा. तीन दिवसांपर्यंतचं पूर्वानुमान रोख ठरवायला वापरावं, पाचव्या दिवसाचं फक्त दिशेचा कल कळण्यापुरतं. दहाव्या दिवसाच्या रंगीत बाणांवर कुणी मार्ग आखत असेल तर त्याला थांबवा.

फाइलमधला वारा हा दहा मीटर उंचीवरचा सरासरी वारा असतो. झोत त्याहून तीस-चाळीस टक्के जास्त असू शकतात. आणि ज्या जाळीवर हे आकडे बसवलेले असतात तिचं एक घर पंधराएक सागरी मैलांचं, म्हणून एखाद्या काळ्या ढगाखालचं वारा-वावधन त्यात दिसतच नाही. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरकर हे दर दुसऱ्या संध्याकाळी बघतो. आधी हवा कोंडते, मग एकदम गार झोत, धूळ, दारं-खिडक्या आपटतात आणि पाऊस त्यानंतर. समुद्रावरचा ढगही असाच वागतो. गार झोत अंगाला लागला की शीड लहान करायला उशीर झालेला असतो, म्हणून ढगाचा तळ काळा दिसला की तेव्हाच करा. अशा ढगासाठी मार्ग बदलत बसू नका. तो अर्ध्या तासात जातो.

तीन रेषा काढा

आता नकाशावर एक नाही, तीन रेषा काढायच्या. सरळ, डावीकडून आणि उजवीकडून. प्रत्येक रेषेवर सहा-सहा तासांनी बोट कुठे असेल ते टिंब मांडा आणि त्या-त्या टिंबावर त्या-त्या वेळचा वारा, त्याचा बोटीशी होणारा कोन आणि लाट लिहा. संगणक हेच काम शेकडो रेषांनी करतो. ठरावीक तासांत बोट जिथे-जिथे पोहोचू शकते त्या बिंदूंना जोडून तो समवेळ रेषा काढतो आणि सर्वांत जलद मार्ग दाखवतो. तो वापरा, पण हाताने तीन रेषा काढल्याशिवाय वापरू नका. जलद मार्ग बहुतेक वेळा जोराच्या वाऱ्याच्या अगदी कडेने जातो, कारण वेग तिथेच मिळतो. पूर्वानुमान पन्नास मैलांनी चुकलं तर तुम्ही आत.

म्हणून प्रत्येक रेषेला एक परीक्षा द्यायला लावायची. बोट दहा टक्के मंद चालली तर? वादळी पट्टा बारा तास आधी आला तर? जी रेषा दोन्ही वेळा कागदावरच्या मर्यादांत राहते तीच घ्यायची, मग ती सात तास लांब का असेना. आणि त्या रेषेवरून पुन्हा माघार घ्यायला जागा आहे का तेही बघा. लक्षद्वीपची प्रवाळबेटं पाण्यापासून जेमतेम वर असतात. वाऱ्याने बोट त्या बाजूला ढकलली जात असेल तर तिकडचा मार्ग हवामानाने कितीही चांगला दिसला तरी नको. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाच्या दक्षिणेला आणि उत्तरेला, आठ आणि नऊ अंश अक्षांशांवर असलेल्या खाड्यांमधून मोठी मालवाहू जहाजं सतत जातात. रात्री तिथून तिरकं जायची वेळ येणार नाही असं वेळापत्रक बसवा.

एक पर्याय नवखे विसरतात तो म्हणजे थांबण्याचा. वादळी पट्टा तुमच्या पुढून आडवा जाणार असेल तर वेग कमी करून त्याला जाऊ द्या. पुढचं शीड उलट बाजूला बांधून, सुकाणू वाऱ्याकडे धरून बोट जवळजवळ उभी करता येते, त्याला हीव्ह-टू म्हणतात. बारा तास असं पडून राहणं हाही मार्गबदलच आहे, फक्त नकाशावर तो दिसत नाही. हा सराव चांगल्या हवेत, पहिल्याच आठवड्यात करून ठेवा.

प्रत्यक्ष वळताना

शक्य तर उजेडात, आणि पहारा बदलताना सगळे जागे असतात तेव्हा वळा. आधी शीड लहान, मग खालचं सामान बांधलेलं आहे का ते बघणं, मग रोख. वारा मागच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाणार असेल तर बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा, झटक्यात फिरतो आणि डोकं फोडतो. त्याचा दोर आधी आत ओढून घ्या, सगळ्यांना ओरडून सांगा. नोंदवहीत वेळ, जागा, वायुदाब, जुना रोख, नवा रोख आणि कारण लिहा. कारण लिहायलाच हवं. सहा तासांनी दुसरा पहारेकरी "हे असं का?" म्हणून बोट परत जुन्या रेषेवर आणतो, हे मी पाहिलं आहे.

किनाऱ्यावरच्या माणसाला नवा मार्ग लगेच कळवा. २०१८ च्या सप्टेंबरात कमांडर अभिलाष टॉमी एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत असताना दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. २०१३ साली 'म्हादेई'वरून कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण केलेला हा माणूस. ते कुठे आहेत हे ठाऊक असूनही मदत पोहोचायला तीन दिवस लागले. ठिकाणच माहीत नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करा.

चक्रीवादळ : गच्चीवरचा धडा

उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. हा नियम बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो.

जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरातून निघालेली डिप्रेशनं ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिमेला येतात, कधी विदर्भावरून, कधी मध्य प्रदेशावरून. तेव्हा उंच गच्चीवर जा, इमारतींचा आडोसा नको. डिप्रेशन छत्तीसगडवर असताना नागपुरात वारा उत्तरेकडून-वायव्येकडून येईल. पाठ करा, डावा हात पूर्वेकडे जातो. ते नागपूरच्या उत्तरेने पुढे सरकलं की वारा वायव्येवरून पश्चिमेला, मग नैऋत्येला जातो, म्हणजे काट्यांच्या उलट. याचा अर्थ तुम्ही त्याच्या मार्गाच्या डाव्या बाजूला आहात. ते नागपूरच्या दक्षिणेने गेलं तर वारा उत्तरेवरून पूर्वेला आणि आग्नेयेला, काट्यांच्या दिशेने फिरतो. तुम्ही उजव्या बाजूला. जमिनीच्या घर्षणाने थोडा फरक पडतो, पण दोन पावसाळे असं बघितलंत की अंगात भिनतं.

समुद्रावर ही उजवी बाजू धोक्याची. तिथे वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिसळतो, वारा बोटीला वादळाच्या पुढ्यात ढकलतो, आणि वादळं वळतात ती बहुधा उजवीकडेच. उजव्या बाजूला सापडलात तर वारा उजवीकडून पुढून घेऊन जमेल तितकं दूर जात राहायचं. डाव्या बाजूला किंवा थेट पुढ्यात असाल तर वारा उजवीकडून मागून घेऊन पळायचं. दक्षिण गोलार्धात सगळं उलट : धोक्याची बाजू डावी, आणि वारा डावीकडून घ्यायचा.

पण हे शेवटचे उपाय. त्याआधीचा नियम साधा आहे. बुलेटिनमध्ये चौतीस नॉटच्या वाऱ्याचं क्षेत्र केंद्रापासून किती मैल ते दिलेलं असतं. एका दिवसानंतरच्या अंदाजाला त्यात शंभर मैल वाढवा, दोन दिवसांनंतरच्याला दोनशे, तीन दिवसांनंतरच्याला तीनशे. त्या वर्तुळांत शिरायचं नाही. २०१९ च्या जूनमध्ये 'वायू' चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर धडकणार असा अंदाज होता, ते किनाऱ्याजवळ येऊन पश्चिमेला वळलं. २०२१ च्या मेमधलं 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याला समांतर उत्तरेला जाऊन गुजरातेत शिरलं. अशा वेळी "किनाऱ्याकडे पळू" हा विचार बोटीला वादळ आणि खडक यांच्यामध्ये अडकवतो. बंदर गाठायचं तर वादळाच्या दोन दिवस आधी, नाहीतर मोकळ्या समुद्रात दूर.

वायुदाबमापक रोज चार वेळा वाचा. उष्ण कटिबंधात दाब रोज आपोआप खाली-वर होतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. म्हणून दुपारी चारचा आकडा कालच्या दुपारी चारशी ताडायचा. त्या वेळच्या नेहमीच्या दाबापेक्षा तीन हेक्टोपास्कलने उतरला तर संशय घ्या, पाचने उतरला तर वादळ जवळ आहे असं समजा. फोनमध्ये दाब मोजायची सोय असेल तर हा चढउतार घरीच दिसतो. आपलं शहर तीनशे मीटरवर, म्हणून आकडा समुद्रसपाटीपेक्षा पस्तीसएक हेक्टोपास्कलने कमी येईल, त्याने गोंधळू नका.

आजपासून करायचा सराव

एक वही घ्या. गोव्याहून मिनिकॉयला निघालेली एक काल्पनिक बोट मांडा, वेग पाच नॉट. रोज सकाळी साडेदहाला ग्रिब उतरवा, तीन रेषा काढा, एक निवडा, कारण लिहा आणि बोट चोवीस तासांनी पुढे सरकवा. दुसऱ्या दिवशी काय झालं ते लाल शाईने शेजारी लिहा. पोहोचलात की परत फिरा. मे महिन्यात एक फेरी कराच, आणि जुलैत बोट बंदरातच ठेवून, रोज फक्त किती दिवस निघता आलं नसतं ते मोजा.